उंबऱ्यावरून द्यायचं नसतं

बाळांनो, एक लाकडी पीप डोळ्यांसमोर आणा. पाण्याचं नव्हे, कणकेचं. उंची तुमच्या गुडघ्यापेक्षा जरा जास्त. उभ्या फळ्या एकमेकींना खेटून बसवलेल्या, बाहेरून लवचीक फांद्यांची कडी आवळलेली, वर झाकण. आत डोकावलंत तर असा आंबट वास येईल की नाक आक्रसून घ्याल. पण दुसऱ्याच श्वासाला भूक लागेल. फळ्यांच्या सांध्यांत मागच्या खेपेची कणीक राखून ठेवलेली असते. ती खरवडायची नाही, धुवायची नाही. तेच पुढच्या पावाचं विरजण. दुधाला लागतं, तसं पिठालाही लागतं.

आता असं धरा की हे पीप घरातलंच एक माणूस आहे. त्याला थंडी वाजते. राग येतो. परक्याच्या घरी नेलं तर ते रुसतं. धरलंत मनात? मग तुम्ही बोरकी गावात अगापा आजीच्या घरी येऊन बसलात. तिथे ते देवांच्या कोपऱ्याजवळ बाकावर असायचं, आणि त्या उन्हाळ्यात ते रुसलं होतं.

आजीची सून मालान्या हिने लांब दांड्याच्या फळीवरून पाव भट्टीबाहेर ओढला आणि टेबलावर ठेवला. ठेवताना खट्ट आवाज झाला. पाव बोटभरसुद्धा वर आला नव्हता. वरचा पापुद्रा एकीकडे, खालचा चिकट गोळा दुसरीकडे.

तिची दहा वर्षांची लेक उल्यांका दाराशी शेंगा सोलत होती, तिने मान आणखी खाली घातली.

"मालान्या," भट्टीमागच्या बाकावरून तिचा नवरा मिकिता म्हणाला. घोड्याने लाथ मारल्यापासून त्याचा गुडघा भोपळ्याएवढा सुजलेला होता आणि तो पाय लांब करून गवताचे दोर वळत बसायचा. "माझ्या पायताणाचा तळ गेलाय. हा पाव शिवून टाकतेस का खाली? दोन हिवाळे निघतील."

"देवाच्या अन्नाला नावं ठेवतोस!" अगापा आजी कडाडली. तिने पावावर बोटांनी क्रूस काढला, त्याला ओठ टेकले आणि तो पंच्यात गुंडाळला. फेकायचा प्रश्नच नव्हता. आमटीत भिजवून खाल्ला असता. पण आमटीत भिजवलेल्या विटेवर इर्जिक होत नाही, हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं.

राय पिकली होती. राय म्हणजे गव्हाची सावळी, काटक बहीण. कणसं वाकली होती, हात लावला की दाणा गळत होता, आणि दलदलीच्या बाजूला रोज दुपारी ढग चढत होते. कापणी बायकांची. पण आजीची कंबर वाकत नव्हती, आणि मालान्या एकटी. एकटीने ते शेत कापेपर्यंत अर्धं धान्य जमिनीत गेलं असतं. इर्जिक घालायला हवी होती. गावातल्या बायका येतात, दिवसभर राबतात, पैसा घेत नाहीत. पण त्यांना घरचा पाव लागतो. आपल्या पिपातला, आपल्या भट्टीतला. उसन्या पावावर शेताला हात लावला तर पुढच्या वर्षी तिथे कुसळंच येतात, असं म्हणतात. आणि ज्या घरात पाव फुगत नाही, त्या घराची बरकत गेली असं समजून बायका येतच नाहीत.

"पीठ किती उरलंय?" आजीने विचारलं.

"एका भट्टीपुरतं," मालान्या म्हणाली.

"घरातनं कुणीतरी काढून नेलंय. माझ्या पिपातली बरकत कुणीतरी नेलीय. वसंतापासून बघतेय मी, प्रत्येक पाव आधीच्यापेक्षा बसका."

"सासूबाई, वसंतापासून पीठच पुरत नव्हतं. मध्यंतरी तर कितीतरी दिवस आपण चुक्याच्या पाल्यावर काढले. पीप कोरडं पडलं. त्याच्याही पोटात काही गेलं नाही."

"पीप कधी उपाशी मरत नाही. माणसं मरतात."

मालान्याने पुढे वाद घातला नाही. आजीने कांदा कापून पीप आतून चोळलं, मीठ टाकलं, देवळातून मंतरून आणलेल्या पाल्याची धुरी दिली, मग ते अंगणात पालथं घातलं. आणि उल्यांका शेंगा सोलत राहिली. बोटांना घाम सुटल्याने दाणे निसटत होते. घरातनं कोणी काय नेलं होतं, ते तिला ठाऊक होतं.

ते असं झालं. यूरीच्या सणाला गुरं हिवाळ्यानंतर पहिल्यांदा कुरणात सोडतात. त्या दिवशी घरातनं काही बाहेर द्यायचं नाही. विस्तव नाही, मीठ नाही, चमचाभर दूधही नाही. दिलंत तर गाईचं दूध त्याच्यामागून चालतं. त्याच सणाला दुपारी ख्वेदोरा विधवेच्या छपरावर वीज पडली. विजेची आग पाण्याने विझवायची नसते, दुधाने विझवतात. पण यूरीच्या सणाला दूध कोण देणार? लोक पाण्याच्या भरल्या बादल्या हातात धरून उभे राहिले. गावातल्या पालाशाने एक पेलाभर बकरीचं दूध आणून शिंपडलं आणि घर जळून गेलं.

संध्याकाळी ख्वेदोरा त्यांच्या दाराशी आली होती. केस करपलेले, अंगाला धुराचा वास. "अगापाबाई, पीप जळालं. थोडं विरजण द्या. बाकी मी बघते माझं."

आजी उंबऱ्याच्या आत, ख्वेदोरा बाहेर. "आज नाही गं. आज काय आहे ठाऊक नाही का तुला? उद्या ये."

ख्वेदोरा वळून चालू लागली. उल्यांकाने पिपात हात घालून आंबट गोळा काढला, रुंद पानात गुंडाळला आणि मागच्या कुंपणावरून तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी ख्वेदोरा आली नाही. नंतरही कधी नाही. आणि पाव बसत गेला.

आणि आता, विटेसारखा पाव निघाला त्या दिवशी संध्याकाळी, आजी ढग बघायला शेतावर गेली, तशी उल्यांका उठली. तिने आईला काही सांगितलं नाही. परसातून एक कोबी तोडला, कारण रिकाम्या हाताने मागायला जायचं नसतं, आणि ती नदीकडे चालू लागली.

ख्वेदोरा आता नदीकाठच्या जुन्या वाफेच्या न्हाणीत राहत होती. तिथे ऊन कलल्यावर कुणी जात नसे. प्रत्येक न्हाणीत एक न दिसणारा म्हातारा असतो, भिजलेल्या दाढीचा. माणसांची आंघोळ झाली की त्याची पाळी असते. त्याच्यासाठी बादलीत पाणी सोडून यायचं. त्या जागेत देवाची तसबीर लावत नाहीत आणि झोपत तर नाहीतच.

उल्यांका दारात उभी राहिली. आत काळ्या भिंती, दगडांची चूल, आणि बाकावर ख्वेदोरा विळ्याला नवी मूठ बसवत होती. जुनी मूठ आगीत गेली होती. नवी मूठ पांढरीशुभ्र होती, आत्ताच सोललेली.

"कोण ते?"

"मी. मिकिताची उल्यांका."

"मग उंबऱ्यावर काय उभी राहिलीस? आत तरी ये, नाहीतर बाहेर तरी हो. दारात बोललं की भांडण होतं. तुझ्या आजीनंच शिकवलंय मला ते."

उल्यांका आत शिरली. कोपऱ्याकडे बघत म्हणाली, "मावशी, तो म्हातारा…?"

"आहे की. भला आहे बिचारा. गावापेक्षा बरा. आलीस तशी रहा म्हणाला, उद्या ये म्हणाला नाही." तिने मुठीवर दगड ठोकला. "कोबी कशाला आणलास?"

"आमचा पाव फुगत नाहीये. आता एकाच भट्टीचं पीठ आहे. इर्जिक घालायची आहे, आणि राय गळतेय. मी तुम्हाला विरजण दिलं, तेव्हापासून आमचं गेलं." तिने एका दमात सांगून टाकलं. "मला ते परत हवंय. सगळं नको. जेवढं दिलं होतं तेवढंच."

ख्वेदोराने विळा बाजूला ठेवला. चुलीच्या उबदार दगडांवरून एक मडकं उचललं, वरचं फडकं काढलं. आत करड्या कणकेवर बुडबुडे उठत होते, हळूहळू फुटत होते.

"बघ. तुझ्या घरचंच आहे. पीठ असलं की चिमूटभर पीठ घालते, नसलं की बटाटा किसून. एक दिवस नुसतं कोमट पाणी पाजलं, म्हटलं धर बाई तग." मग तिने फडकं पुन्हा बांधलं आणि मडकं मांडीवर घेऊन बसली. "देईन. पण मला इर्जिकीला बोलवायचं."

"बोलावते."

"तू बोलावून कसं चालेल? ज्या घरची राय, त्या घरच्या माणसानं हाक मारावी लागते."

"मी त्याच घरची आहे."

ख्वेदोरा हसली, पण डोळे हसले नाहीत. "आग लागल्यापासून मला एकाही शेतावर हाक आली नाही, पोरी. गवत कापताना नाही, अंबाडी उपटताना नाही. मी बाजूने गेले की बायका विषय बदलतात. देवानं वीज टाकली म्हणजे हिनं काहीतरी केलं असणार. भीक नकोय मला. ओळीत उभं राहून कापायचंय. जमेल?"

"जमेल," उल्यांका म्हणाली. कसं, ते तिला ठाऊक नव्हतं.

"मग जा. वाटेत बोलू नकोस आणि मागं बघू नकोस. विरजणाला बोलणारा माणूस चालत नाही."

वाटेत नेमकी पालाशा भेटली. गायीमागे चालत होती, हातात डहाळी. "काय गं उल्यांका, मडक्यात काय? … ऐकू येत नाही का? इर्जिक कधी आहे तुमची? … अगं, घालणार तरी आहात ना? लोक म्हणतात, अगापाच्या पिपाला खीळ बसलीय." उल्यांकाने ओठ इतके आवळले की दात दुखले. "वा! आजीचंच नाक घेऊन आलीय. घरात पाव नाही, पण नाक बघा कसं वर!" पालाशा मागून बोलत राहिली, आणि उल्यांका पुढे बघत चालत राहिली. गालांवरून पाणी ओघळलं ते तिने पुसलंही नाही; हात मोकळे नव्हते.

घरी आई चुलीशी होती, मिकिता बाकावर; आजी अजून शेतावरच होती. मालान्याने फडकं सोडलं, नाक मडक्याजवळ नेलं आणि तशीच थांबली.

"हे आपलं आहे," ती म्हणाली. "शहाजिऱ्याचा वास बघ. कुठे होतं?"

उल्यांकाने सांगितलं. सगळं, कुंपणापासून न्हाणीपर्यंत. मालान्याने एकदा दाराकडे बघितलं, मग मिकिताकडे. मिकिताने दोर वळायचा थांबवून मान हलवली.

"आण ते पीप आत," मालान्या म्हणाली.

उरलेलं सगळं पीठ पिपात गेलं. कोमट पाणी, मडक्यातला गोळा, कोपरापर्यंत आईचे हात. मग झाकण. त्यावर उबेला मेंढीचं कातडं, आणि सगळ्यावर मिकिताची जुनी विजार. घरधन्याचं वस्त्र असलं की कणकेला वर येण्याचा धीर येतो.

"चला, माझा पाय नाही तर निदान विजार तरी कामाला लागली," मिकिता म्हणाला.

आजी परत आली तेव्हा अंधारत होतं. तिने पिपाकडे बघितलं. विजार जराशी वर उचलली गेली होती, पोटावर हात ठेवून झोपलेल्या माणसासारखी. आजी जवळ गेली. झाकणाच्या फटीतून वास घेतला. तिचा चेहरा उजळला आणि लगेच सावध झाला.

"कुणाचं विरजण?"

आता हे ध्यानात घ्या, बाळांनो: कणीक फुगत असताना घरात आवाज चढवायचा नाही. दार आपटायचं नाही, झाडू मारायचा नाही, भांडायचं तर नाहीच. आवाजाने कणीक दचकते आणि बसते. हा नियम आजीचाच होता. म्हणून उल्यांकाने सांगून संपवलं तेव्हा आजी तोंड उघडून उभी राहिली, आणि त्यातून जे बाहेर आलं ते कुजबुजून आलं.

"न्हाणीतलं?" आजी कुजबुजली. "भुताच्या जागेतलं? माझ्या पिपात?"

"हो," उल्यांकाही कुजबुजली.

"यूरीच्या सणाला? माझ्या पाठीमागनं? चोरून?" प्रत्येक शब्दासरशी आजीच्या मुठी वर जात होत्या आणि आवाज खाली. "तुला मी… तुझं मी…"

"आई, हळू," मिकिता म्हणाला. त्याचे खांदे हलत होते. "फुगतंय."

"तू गप्प बस! तुझी विजार फुगतेय, तू नाहीस!" हेही कुजबुजूनच. मालान्याने पदर तोंडात धरला.

मग आजी बाकावर बसली. बोलली तेव्हा राग संपला होता, पण आवाज तसाच हळू होता.

"मी तेव्हा तुझ्या आईएवढी होते. यूरीच्या सणाला एका शेजारणीला निखारा दिला. चूल विझली होती तिची. मला वाटलं, निखाऱ्यानं काय होतंय. त्या आठवड्यात गाय गेली. तुझ्या बापाला एक धाकटी बहीण होती. त्या दुधावरच होती ती." तिने गुडघ्यावरचा पदर सारखा केला. "म्हणून नाही म्हणते मी. मला द्यायला आवडत नाही म्हणून नाही."

उल्यांकाला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिने आजीजवळ जाऊन तिच्या बाहीला धरलं. पण दिलेला शब्द राहिलाच होता.

"आजी, मी ख्वेदोरामावशीला इर्जिकीचं सांगून बसलेय. आता जाऊन नको येऊ म्हणू? तूच सांग. तू म्हणालीस तर मी जाऊन तसंच सांगते. तिच्या तोंडावर."

आजीने उठून विजार नीट केली. एका बाजूने घसरत होती. "पाव तर निघू दे आधी," ती म्हणाली.

सकाळी पाव निघाला. मालान्याने तो फळीवरून उचलला, उलटा करून बोटाने ठोकला. ढोलासारखा पोकळ, गोल आवाज आला. आजीने पावाची गरम पाठ नाकाच्या शेंड्याला टेकवली. चटका सहन होतो की नाही त्यावरून आतलं कळतं. तिने सहन केलं. मग आणखी एक निघाला, आणि आणखी. पावाखाली अंथरलेली ओकची पानं करपून त्याला चिकटली होती, त्यांच्या शिरा उमटल्या होत्या. मिकिता बाकावरून हात लांब करत म्हणाला, "एखादा मला द्या, पायताणाला तर हा काही चालणार नाही."

आजीने उल्यांकाला समोर उभं केलं आणि इर्जिकीला कुणाकुणाला हाक मारायची ती घरं सांगितली. पालाशाचं सांगितलं. पाणवठ्यापाशी राहणाऱ्या बहिणींचं सांगितलं. न्हाणीचं नाव घेतलं नाही. जाऊ नकोस असंही म्हणाली नाही. उल्यांका वाट बघत थांबली. आजी पाव पंच्यात गुंडाळत होती, गुंडाळतच राहिली.

उल्यांका सगळ्या घरी गेली आणि शेवटी नदीकाठी गेली. "उद्या उजाडताना," तिने सांगितलं.

"आजी म्हणाली?"

"मी म्हणतेय. आजीने नको म्हटलं नाही."

ख्वेदोराने पांढऱ्या मुठीवरून अंगठा फिरवला. "बरं," ती म्हणाली. "तेवढ्यावर येते."

उजाडलं तेव्हा आभाळ कोरडं होतं, पण दलदलीकडे एक काळी रेघ होती. बायका लवकर आल्या. पांढरे रुमाल, कमरेला विळे, पायांत सालींची पायताणं. टेबलाभोवती दाटीवाटीने बसल्या. पावाकडे बघून एकमेकींना कोपर मारत होत्या.

"अगापाबाई, पीप बरं झालं म्हणायचं?" पालाशाने विचारलं.

"झालं," आजी म्हणाली आणि सुरी हातात घेतली.

तेवढ्यात दारातला उजेड अडला. ख्वेदोरा उंबऱ्याबाहेर उभी होती. करपलेले केस रुमालात घट्ट बांधलेले, हातात विळा. ती आत आली नाही. तिला कुणी या म्हटलं नाही. टेबलाभोवतीची कुजबुज थांबली.

"मी विजेच्या खुणेच्या बाईशेजारी ओळ धरणार नाही," पालाशा म्हणाली. मोठ्याने नव्हे, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. "तिच्या सावलीत कणसं काळी पडतात."

पाणवठ्याच्या बहिणींपैकी थोरली उठायला लागली. मालान्याचा चेहरा पांढरा पडला. बाहेर राय उभी होती, वाऱ्याने दाणा गळत होता, आणि एक बाई उठली की बाकीच्या उठणार होत्या.

आजीने पाव छातीशी धरला आणि सुरी स्वतःकडे ओढत त्याची कड कापली. पहिली कड, खरपूस, शहाजिरं दिसणारी. कापणीची पहिली ओळ जी धरते तिचीच ती कड, हे टेबलापाशी बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. आजीने ती कुणासमोर ठेवली नाही. उल्यांकाच्या हातात ठेवली.

"पालाशा," ती म्हणाली, "ह्या पिपाचं विरजण कुणी जिवंत ठेवलं ते तुला कळलं, तर तू हा पाव खाणार नाहीस. तुझं तू ठरव. इथं आमटीही आहे." मग नातीकडे वळली. "जा, दे तिला. आणि ध्यानात ठेव, उंबऱ्यावरून द्यायचं नसतं."

उल्यांका दारापर्यंत गेली. पलीकडे ख्वेदोराने हात थोडासा पुढे केला, आणि उंबरा दिसताच मागे घेतला. पाव ऊन ऊन होता. कुंपणावरून दिलेलं ते पान उल्यांकाला आठवलं.

तिने कड डाव्या हाताने छातीशी धरली. उजवा हात उंबऱ्यापलीकडे घातला, ख्वेदोराचं मनगट पकडलं, आणि पाय उंबऱ्याला टेकवून तिला जोराने आत ओढलं.